तेलाचं बोट

सोनवणे मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होतो. फोन त्यांच्या बायकोचा, शांताबाईंचा. "मिस्त्री गेले सर," एवढंच म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण 'बरं' म्हणालो. मग हातातला पेपर पुरा तपासला, आणि त्याच्याखालचाही. माझं असंच आहे. माणूस गेल्यावर मला लगेच काही वाटत नाही, आणि पुढं कधी वाटेल याचीही खात्री नसते. घरी याला दगडपणा म्हणतात. मी वाद घालत नाही.

पैठण रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी ड्रॉइंग शिकवतो. म्हणजे शिकवायचो. आता मुलं संगणकावर रेघा मारतात आणि मी पाठीमागं उभा राहून "सेव्ह करत जा" म्हणतो. मिस्त्री आमच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम शिकवायचे. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोराला, मग ते पुढं कुठल्याही शाखेत जावो, एक सांधा करून दाखवावा लागतो. लाकडाचे दोन तुकडे, एकाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत. बहुतेक पोरं तो एकमेकांकडून उसना आणायची आणि मिस्त्रींना ते कळायचं.

त्यांना कळायचं ते बोटानं. सांधा हातात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि उजव्या हाताची तर्जनी जोडावरून सावकाश फिरवायचे. गुण्या, पट्टी, सगळं भिंतीवर टांगलेलं असायचं, पण शेवटचा निकाल बोटाचा. "डोळा फसतो सर," म्हणायचे. "डोळ्याला बरं दिसावं असं वाटतं. बोटाला काय वाटत नाय." मी ड्रॉइंगचा माणूस, माझं सगळं आयुष्य डोळ्यावर चाललेलं. मी हसून सोडून द्यायचो.

दुसरी सवय खुर्चीची. कुठंही गेले तरी बसण्याआधी खुर्ची उलटी करून तिचे सांधे बघायचे. स्टाफरूममध्ये, बँकेत, लग्नाच्या मांडवात. एकदा प्राचार्यांनी "बसा मिस्त्री" म्हटल्यावर त्यांच्यासमोरच खुर्चीचे पाय वर केले होते आणि "मागचा डावा ढिला हाय" असं सांगून उभेच राहिले होते. प्लास्टिकच्या खुर्चीवर मात्र नाइलाजानं बसायचे. तिला सांधाच नाही तर बघायचं काय, अशी तक्रार असायची.

वर्कशॉपच्या भिंतीवर त्यांनी खिळ्यांची एक रांग ठोकली होती. बिघडलेला सांधा तिथं टांगायचा. पोरं त्या भिंतीला फाशीघर म्हणायची. टांगलेल्या सांध्यावर नाव नसायचं. एकदा मी विचारलं, "नाव का लिहीत नाही? लाज वाटली की सुधारतील." मिस्त्री म्हणाले, "नाव कशाला? ज्याचं हाय त्याला ठावं हाय. त्यानं येऊन काढून न्यायचं, आन् दुसरं करून आणायचं." आणि खरंच, दोन-चार दिवसांत कुणीतरी एकटंच येऊन खाली मान घालून आपला सांधा काढून न्यायचं. मिस्त्री तेवढ्यात रंध्याला धार लावायला पाठ करून बसायचे.

तिसरी सवय तेलाची. खोकल्याच्या औषधाची एक जुनी काचेची बाटली होती, तिच्यात जवसाचं तेल. हातातून जाणाऱ्या प्रत्येक कामाला शेवटी त्या तेलाचं एक बोट लावायचं. दाराला, स्टुलाला, पहिल्या वर्षाच्या पोराच्या वाकड्या सांध्यालासुद्धा. अख्ख्या वस्तूला नाही, आतल्या एखाद्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही असं. "कोरडं काम हातातून सोडू नाय," एवढंच म्हणायचे.

हे कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. चहाची वेळ होती आणि वीज गेलेली, म्हणून बोलले असतील. मिस्त्री पाचोडचे. सुतारकी त्यांच्या घरातली नव्हे. गावात सुताराची पडवी होती आणि समोर कडुनिंब. "आमी त्या निंबाखाली बसायचो," म्हणाले. "पडवीत जायचं नाय, असं कुणी बोललेलं नव्हतं. पण ठावं व्हतं. सुतार पाठ करून बसायचा. तो काय कापतोय, कसं बसवतोय, काय बी दिसायचं नाय. काम झालं की तेवढं उजेडाला फिरवायचा, बाटलीत बोट घालायचा आन् लावायचा. आमाला एवढंच दिसायचं. मला वाटायचं, समदी सुतारकी त्या बोटातच हाय." पुढं शहरात येऊन आयटीआय केलं, बाकीचं सगळं तिथं शिकले. "एवढं एकच त्यांनी नाय शिकवलं. ते मी निंबाखालून आणलं."

मी ऐकून घेतलं. आमच्या बिडकीनच्या घरी सुतार ओसरीवर येऊन बसायचा आणि आम्ही पोरं त्याच्या अंगावर पडून भुसा उडवायचो. त्यानं शेवटी तेल लावलं की नाही, हे मी कधी पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच पडली नव्हती. हे मी मिस्त्रींना सांगितलं नाही. वीज आली आणि आम्ही उठलो.

मग उपग्रहाचं आलं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या जाधव मॅडमनी मुलांचा एक गट करून लहानसा उपग्रह बनवायला घेतला होता. वीतभरही नाही, दोन्ही तळहातांत मावेल एवढा चौकोनी डबा. एका मोठ्या यानात पोरांच्या अशा डब्यांसाठी थोडी जागा मिळणार होती आणि आमचा नंबर लागला होता. गटाची प्रमुख सना, सिल्लोडची मुलगी, तिसऱ्या वर्षाला. तिच्या डोक्यात आलं की डबा लाकडाचा करायचा. लाकडाचे उपग्रह आता जगात लोक करून बघतायत, असं तिचं म्हणणं. धातूचा उपग्रह काम संपल्यावर खाली येताना जळतो आणि त्याची धातूची भुकटी वरच्या हवेत तशीच राहते. लाकूड जळून नाहीसं होतं. शिवाय लाकडातून रेडिओचे संदेश आरपार जातात, त्यामुळं अँटेना आतच ठेवता येते. स्टाफरूममध्ये आम्ही यावर आठवडाभर हसलो. "बैलगाडीच पाठवा ना वर," असं मीच म्हणालो होतो.

सना मिस्त्रींकडं गेली तेव्हा मी तिथंच होतो. ती तासभर समजावत होती. मिस्त्री पटाशी घासत ऐकत होते. तिचं संपल्यावर त्यांनी विचारलं, "वर पाऊस हाय?"

"नाही चाचा. हवाच नाही."

"वाळवी?"

"नाही."

"पोरं?"

सना हसली. "पोरं पण नाहीत."

"पाऊस नाय, वाळवी नाय, पोरं नाय," मिस्त्री म्हणाले. "मंग लाकडाला आणखी काय पायजे? आपण करू."

लाकूड त्यांनीच शोधलं. वर्कशॉपच्या माळ्यावर माझे जुने ड्रॉइंग बोर्ड पडले होते. संगणक आल्यावर ते भंगारात निघाले होते, पण मिस्त्रींनी वर नेऊन रचून ठेवले होते. तीसेक वर्षं वाळलेलं लाकूड. त्यांनी एक बोर्ड उतरवून फुंकर मारली, कोपरा थोडा तासला आणि वास घेतला. "शिवणीचं लाकूड हाय. शिवण हलकी, आन् वाकायची नाय. असली आता मिळत नाय." त्या बोर्डावर कितीतरी पोरांनी कंपासची टोकं रुतवली होती, नावं कोरली होती. बिनभोकाचा भाग निवडून त्यांनी सहा फळ्या काढल्या आणि जाड पुठ्ठ्याएवढ्या पातळ केल्या. माझा विषय अशा रीतीनं अवकाशात निघाला. मला त्याचं काही वाटायला हवं होतं, पण मी फक्त भंगाराच्या यादीतून एक बोर्ड कमी केला.

अटी सनानं लाल अक्षरांत लिहून फाशीघराच्या भिंतीला चिकटवल्या होत्या. खिळा नाही, डिंक नाही, पॉलिश नाही, तेल नाही. तेलाखाली दोन रेघा. हवा नसलेल्या जागी तेलाची वाफ होते आणि ती आतल्या कॅमेऱ्याच्या काचेवर जाऊन बसते, असं तिनं मिस्त्रींना समजावलं. "कळलं पोरी," ते म्हणाले. "नुसता सांधा. तो तर येतो आपल्याला."

दीड महिना लागला. कुसू इतकं बारीक की कापताना मिस्त्री श्वास धरून ठेवायचे. खाचा वाकड्या गेल्या म्हणून दोन फळ्या त्यांनी स्वतः खिळ्याला टांगल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच काढून नव्या केल्या. शेवटी एके दुपारी सहाही फळ्या बसल्या. डबा हातात घेऊन त्यांनी डोळे मिटले, सगळ्या कडांवरून बोट फिरवलं आणि मग पुन्हा एकदा, नुसतंच, फिरवलं. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःच्या कामावर खूश झालेलं पाहिलं ते तेवढंच.

डबा बंद करून तपासणीला पाठवायचा दिवस. लांबच्या एका प्रयोगशाळेत हवा काढून घेतलेल्या भांड्यात तो ठेवून बघणार होते. आतली यंत्रं बसवून झाली होती, वरची फळी सरकवायची बाकी होती. सना खोकं आणायला गेली. वर्कशॉपमध्ये मिस्त्री आणि मी. मी स्टुलावर चहा पीत होतो.

मिस्त्रींनी खणातून बाटली काढली. बूच उघडलं आणि बोट आत घातलं. मग बोट डब्याच्या वर धरून थांबले आणि माझ्याकडं बघितलं. मीही बघितलं. त्यांच्या मागंच भिंतीवर लाल अक्षरं होती. मग मी चहाच्या कपात बघायला लागलो. वर पाहिलं तेव्हा ते बोट लुगड्याच्या चिंधीला पुसत होते. वरची फळी बसलेली होती.

मी का बोललो नाही? शोधलं आहे. एक बोट तेलानं काय होतंय, असं वाटलं असेल. किंवा माझा काय संबंध, असं. बहुतेक काहीच वाटलं नव्हतं. तेवढ्यात सना आली आणि डबा खोक्यात गेला.

अहवाल आला तो वाईट. लाकूड उत्तम, सांधे जसेच्या तसे, पण कॅमेऱ्याच्या काचेवर तेलकट थर. डबा नापास होऊन परत आला. तीन आठवड्यांत नवा डबा तपासणीला पोचला नाही तर यानातली जागा दुसऱ्या कॉलेजला जाणार.

जाधव मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. डबा शेवटी कुणी हाताळला, हा प्रश्न होता. खोक्यात भरला सनानं. गटातला एक मुलगा म्हणाला, "ती केसांना तेल लावते मॅडम. रोज." कुणीतरी हसलं. सना हसली नाही. तिनं नकळत वेणी मागं टाकली आणि मग तो हात कुठं ठेवावा ते तिला कळेना. ती म्हणाली, "मैंने दस्ताने पहने थे मॅडम. हातमोज्यांशिवाय मी हात लावलेलाच नाही." मॅडम रागीट नव्हत्या, पण वर उत्तर त्यांना द्यायचं होतं. नक्की काय झालं ते उद्या दुपारपर्यंत कळलं नाही, तर सनाला गटातून काढावं लागेल, असं त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "सर, त्या दिवशी तुम्ही तिथं होतात. काही पाहिलंत?"

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

मिस्त्रींना त्या बैठकीला बोलावलेलं नव्हतं. वर्कशॉपच्या माणसाला कोण बोलावतं? पण सना रडत तिकडंच गेली असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाशीघराच्या भिंतीवर, मधल्या खिळ्याला, सुतळीनं बांधून तो डबा टांगलेला होता. पहिल्या वर्षाची पोरं आधी जमली, मग सगळा गट, मग जाधव मॅडम. मिस्त्री धुतलेला शर्ट घालून डब्याखाली उभे होते. मॅडमनी विचारलं, "हे काय मिस्त्री? कुणी टांगलं?"

"ज्याचं हाय त्याला ठावं हाय," ते म्हणाले. एवढं त्यांचं रोजचंच वाक्य. मग थांबून म्हणाले, "माझं हाय. तेलाचं बोट मी लावलं. पोरीच्या केसाचा काय संबंध नाय."

सना पुढं आली. "चाचा, कायको लगाया? मी दोन रेघा मारल्या होत्या ना."

"सवय पोरी. हातानं लावलं. मला कळलंच नाय."

मी मागं उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी तेव्हा पुढं होऊन 'मीही पाहिलं होतं' म्हणालो असतो तर काही बिघडलं नसतं. माझ्या पायांना ते जमलं नाही. कुणी मिस्त्रींना बोललं नाही, उलट सगळे समजुतीनं वागले. वय झालं, हात ऐकत नाही, असं म्हणाले. मॅडमनी तर नवा डबा बाहेरच्या कारखान्यातून यंत्रावर कापून घेऊ असंही सुचवलं. त्यावर मिस्त्रींनी सुतळी सोडून डबा खाली घेतला आणि म्हणाले, "इथं असं हाय मॅडम, ज्याचं त्यानंच दुसरं करून आणायचं असतं."

त्याच संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि तेलाची बाटली ठेवली. "ही तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या," म्हणाले. मी ती खणात टाकली.

दुसरा डबा त्यांनी सुती हातमोजे घालून केला. एप्रिल होता, वर पत्रा तापलेला. घाम पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधायचे. त्या बोर्डाचा चांगला भाग संपला होता आणि बाकीचे बोर्ड शिवणीचे नव्हते, त्यामुळं एका फळीत कंपासचं एक भोक राहिलं. कुणा पोराचं ते कोण जाणे. मोज्यातून बोटाला काही कळत नव्हतं. डोळे मिटून कडेवरून बोट फिरवायचे आणि मग डोळे उघडून सनाला विचारायचे, "फट हाय का काय?" तीही मोजे घातलेलीच. मग ते डबा कानाशी धरून नखानं टिचकी मारायचे आणि आवाजावरून ठरवायचे. एकदा मला म्हणाले, "सर, बोट मेल्यासारखं वाटतंय. मोजे काढले तरी." मी म्हणालो, "दमलात. सुट्टी घ्या." त्यांनी मान डोलावली. त्याच वेळी डॉक्टरकडं जायला हवं होतं, हे आता सगळेच म्हणतात.

डबा अठराव्या दिवशी झाला. सनानं खोकं उघडं धरलं. मिस्त्रींनी दोन्ही हातांनी डबा उचलला आणि खोक्यावर धरून उभे राहिले. उजव्या हाताची तर्जनी नुसती वाकत होती, सरळ होत होती. सना म्हणाली, "चाचा, ठेवा." त्यांनी ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा कोरडं काम हातातून सोडलं, हे तिथं माझ्याशिवाय कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. सहा फळ्यांबरोबर एक जादा फळी केलेली असते, ऐनवेळी लागली तर म्हणून. ती तेवढी माझ्याकडं आली.

डबा पास झाला, वर गेला. उड्डाण आम्ही कॉलेजच्या हॉलमध्ये पडद्यावर पाहिलं. पोरं नाचली. मिस्त्री शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर होते. पेढा हातात तसाच धरून बसले होते. मी विचारलं, "कसं वाटतंय?" म्हणाले, "दार लावलं का नाय घरचं, असं वाटतंय." त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि पाचोडला राहायला गेले. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला.

मी भेटायला गेलो नाही. जाईन म्हणत दीड वर्ष काढलं. शेवटी सनाचा निरोप आला. ती आता पुण्यात नोकरी करते. डबा खाली आला आणि जळून गेला, कुठल्याशा समुद्राच्या वर. "सर, चाचांना तुम्ही समोर जाऊन सांगा, फोनवर नको," असं तिनं लिहिलं होतं. जादा फळी खणात होती. ती काढताना बाटलीही हाताला लागली. दोन्ही पिशवीत घातल्या आणि बीडकडं जाणारी बस धरली.

पाचोडला उतरलो तर बाजाराचा दिवस. मोसंबीच्या ढिगांमधून वाट काढत घर गाठलं. मिस्त्री पत्र्याच्या सावलीत बाजेवर बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, तो ठेवलेलाच दिसत होता. शांताबाईंनी लाकडी खुर्ची आणली. मिस्त्रींनी मानेनं खूण केली तशी त्यांनी ती उलटी करून त्यांना सांधे दाखवले. त्यांनी मान हलवल्यावर सरळ करून मला दिली. दोघांचंही हे सरावाचं दिसत होतं.

मी सनाचा निरोप सांगितला. जीभ जड झाली होती त्यांची, शब्द सावकाश यायचे.

"राख पडली का खाली?"

"नाही. काही उरत नाही."

"भुगाबी नाय?"

"नाही."

"मंग बरं झालं." थोड्या वेळानं म्हणाले, "पर कोरडंच गेलं."

शांताबाई चहा ठेवायला आत गेल्या. मिस्त्री त्या गेल्या त्या दाराकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, "हातानं लावलं, असं मी त्या टायमाला बोललो. ते खोटं हाय सर. मला ठावं व्हतं. दोन रेघा मारलेल्या दिसत व्हत्या. पर एवढ्या लांब चाललं, परत यायचं नाय, आन् कोरडं धाडायचं? जीव व्हईना."

"मी पाहिलं होतं," मी म्हणालो. दोन वर्षांनी.

"ते बी ठावं हाय. म्हनून तर बोट धरून थांबलो. म्हनलं, सर बोलतील. 'नका' म्हनले की पुसून टाकू. तुमी शिकलेले, तुमाला कळतंय." त्यांनी श्वास घेतला. "तुमी काय बोलला नाय. मंग म्हनलं, चालत असंल."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. मी त्या कडुनिंबाखालच्या पोराचा विचार केला. त्यानं उभ्या जन्मात एकदाच कुणाला तरी 'लावू का' म्हणून विचारलं होतं, आणि ज्याला विचारलं तो चहाच्या कपात बघत बसला होता. छातीत काही हलेल म्हणून मी वाट बघितली. काही हललं नाही. हाताला मुंग्या येऊन गेल्यावर जसं जड राहतं, तसं मात्र सगळं अंग झालं होतं.

मी पिशवीतून फळी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. मग बाटली. त्यांनी बाटली ओळखली. डाव्या हाताला बूच निघेना, मी काढून दिलं. इतक्या दिवसांत तेल घट्ट होऊन वर साय धरली होती. त्यांनी डाव्या हाताचं बोट आत घातलं आणि साय मोडली. फळी घसरत होती, म्हणून मी ती दोन्ही हातांनी धरली. त्यांनी डोळे मिटले. डाव्या बोटाला हे काम नवीन होतं. कोपऱ्यात लावायला गेले ते थोडं फळीवर आणि थोडं माझ्या अंगठ्यावर लागलं. त्यांना ते कळलं नसावं. तेल लाकडात मुरेपर्यंत ते तसेच बोट टेकवून बसले.

"न्या आता," म्हणाले.

शहराकडच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली. सीटचा मागचा डावा पाय ढिला होता. रुमाल खिशात होता, पण मी अंगठा पुसला नाही. शहर येईपर्यंत तो हात कशाला न टेकवता तसाच वर धरून बसलो.